दिशादर्शन, प्रतिमा-मार्गदर्शित (चेहऱ्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत)

रुग्णाच्या सीटी व एमआरआय प्रतिमांपासून संगणकावर उभारलेल्या त्रिमितीय प्रतिकृतीवर, शस्त्रक्रिया चालू असतानाच, हत्याराच्या टोकाचे स्थान दाखवणारी पद्धत. तिचा उगम मेंदूच्या शस्त्रक्रियेत असून डोक्याला चौकट न जखडता चालणारी यंत्रणा अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रतिमेतील बिंदू आणि चेहऱ्यावरील प्रत्यक्ष बिंदू यांचा मेळ घालणे, म्हणजे नोंदणी, हा या पद्धतीचा कणा होय. त्यानंतर अवरक्त किरणांवर चालणारा कॅमेरा अथवा विद्युतचुंबकीय क्षेत्र हत्याराचा माग काढते आणि चूक साधारणतः १ ते २ मिलिमीटरच्या आत राखता येते. वरचा जबडा, नेत्रकोटर आणि कवटीचा तळ हे भाग स्थिर असल्यामुळे तेथे गाठीभोवतीच्या निरोगी हाडाचा छेद कोठे घ्यावा हे ठरवण्यास तिची खरी मदत होते. निकोप बाजूची आरशातील प्रतिमा घेऊन काढलेल्या भागाची पुनर्रचनाही आखता येते.

मात्र तंबाखू, खैनी व गुटख्यामुळे उत्तर भारतात आढळणारे कर्करोग बहुधा गालाच्या अस्तरात व खालच्या हिरडीत उद्भवतात, आणि नेमके तेथेच हे तंत्र लंगडे पडते. कारण खालचा जबडा हलतो, मऊ ऊती कापताच सरकतात आणि आधी घेतलेली प्रतिमा शिळी होते. जबडा दातांवरील साच्याने एका स्थितीत धरून ही अडचण अंशतःच टळते.