कापड, द्राक्षारस आणि जागतिकीकरणाचे गणित

१९९१ साली भारताने आपल्या अर्थव्यवस्थेची दारे जगासाठी अधिक मोकळी केली आणि ‘जागतिकीकरण’ हा शब्द घराघरांत पोहोचला. शब्द नवा असला तरी त्यामागील विचार जुना आहे. तो विचार ज्या एका उदाहरणावर उभा राहिला, ते मुळातून पाहणे उद्बोधक ठरेल.

डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली आपल्या ग्रंथात दोन देश आणि दोन वस्तू घेतल्या. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, द्राक्षारसासाठी १२० माणसांचे. पोर्तुगालला मात्र द्राक्षारसासाठी ८० आणि कापडासाठी ९० माणसे पुरतात. दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस! तरीही, रिकार्डोच्या मते, पोर्तुगालने द्राक्षारस करावा, इंग्लंडने कापड विणावे आणि परस्परांत विनिमय करावा. मग ८० माणसांच्या श्रमात पोर्तुगालला ९० माणसांचे कापड मिळते, तर १०० माणसांच्या श्रमात इंग्लंडला १२० माणसांचा द्राक्षारस. लाभ दोघांचाही. हा तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त पुढे मुक्त व्यापाराचा कणा ठरला.

गणित अचूक आहे. परंतु इतिहास काय सांगतो? या दोन देशांत १७०३ साली मेथ्यूएन करार झाला होता. पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडाला आपली बाजारपेठ खुली केली. त्याबदल्यात पोर्तुगीज द्राक्षारसावर इंग्लंडने फ्रेंच द्राक्षारसाहून एक तृतीयांश कमी जकात आकारावी, असे ठरले. दोरो नदीच्या खोऱ्यातील मळे बहरले. तथापि द्राक्षारस विकून कापडाची किंमत भागेना. ही तूट भरून निघाली ती ब्राझीलच्या सोन्याने. ते सोने खाणींतून काढत होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. रिकार्डोच्या चार आकड्यांत या श्रमिकांना स्थान नाही.

रिकार्डोने मात्र आपल्या सिद्धान्ताची अट लपवून ठेवली नव्हती. भांडवलदार आपले धन सहसा मायदेशाबाहेर नेत नाही, हे त्याचे गृहीतक होते आणि ही वृत्ती क्षीण झाल्यास आपल्याला खेद होईल, असेही त्याने नमूद केले. भांडवल मुक्तपणे हलू शकले असते, तर कापड आणि द्राक्षारस दोन्ही पोर्तुगालातच तयार करणे इंग्रज भांडवलदारांना फायद्याचे ठरले असते, हे तो जाणून होता. मग इंग्रज विणकराने काय करावे?

हाच आजचा प्रश्न आहे. १९४७ साली २३ देशांनी ‘गॅट’ करारावर सह्या केल्या. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. दरम्यान अनेक देशांनी भांडवलावरील निर्बंधही सैल केले. आता केवळ माल सीमा ओलांडत नाही, कारखानाच उठून दुसऱ्या देशी जातो; कामगार मात्र आपले घर आणि कर्ज सांभाळीत मागे राहतो.

म्हणून व्यापाराला शत्रू मानावे काय? मुळीच नाही. विनिमयाने देशाची संपत्ती वाढते, हे रिकार्डोने दाखवून दिले. पण त्याची बेरीज देशाची होती, घराची नव्हती. वाढलेली संपत्ती कोणाच्या ताटात पडावी, हे ते गणित सांगत नाही. ते कायद्याने, करांनी आणि समाजाच्या न्यायबुद्धीने ठरवावे लागते. जागतिकीकरणाची खरी परीक्षा तेथेच आहे.