पायडलास विजेची जोड

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी हें बंदर वसलेलें आहे. पलीकडील आगरदांड्याहून फेरीबोट सुटते आणि मोटारी, मालाचे ट्रक व माणसें घेऊन दिघीच्या धक्क्यास लागते. पश्चिमेकडे खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचा जलदुर्ग दिसत असतो. या बोटींतून जो सायकल घेऊन उतरतो त्याची खरी परीक्षा धक्का सोडल्यावर सुरू होते. येथें डोंगर समुद्रास भिडलेले आहेत, आणि बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन या गांवांकडे जाणारी वाट चढउतारांची आहे. चढावर सदरा घामानें भिजतो, दम लागतो, आणि अखेर स्वार खालीं उतरून सायकल ढकलूं लागतो. सायकलीनें माणसास न्यावयाचें, तें माणसालाच सायकलीस न्यावें लागतें! पुण्यासारख्या सपाट शहरांत सायकल घरोघर पोंचली. परंतु कोंकणांत मात्र ती बहुधा शाळकरी मुलांपुरती व गांवच्या वस्तीपुरतीच राहिली, याचें एक कारण या चढांत आहे.

अलीकडे या अडचणीवर एक उपाय निघाला आहे. घरांतील साधी सायकल घ्यावी, तिला एक लहानशी विजेची मोटार व बॅटरी जोडावी, आणि चढावर पायांच्या मदतीस वीज घ्यावी. हा उपाय पुष्कळांस अगदीं नवा वाटतो. वस्तुतः त्याचा इतिहास सुमारें दीडशें वर्षांचा आहे. इतकीं वर्षें तो कां अडून राहिला, आणि आतां तो साध्य झाला असतां त्याचा उपयोग कोणत्या रीतीनें करावा, हें पाहण्यासारखें आहे.

१८८१ सालीं पॅरिस शहरांत गुस्ताव त्रूव्हे नांवाच्या कारागिरानें हा प्रयोग प्रथम केला. त्यानें नवें वाहन घडविलें नाहीं. इंग्लंडांत तयार झालेली पायडलांची तीनचाकी सायकल त्यानें घेतली, तिच्यावर विजेची मोटार व बॅटरी बसविली, आणि एप्रिल महिन्यांत ती भर रस्त्यावर चालवून दाखविली. तिचा वेग ताशीं सुमारें १२ किलोमीटर होता. कार्ल बेन्झ याची पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी यानंतर पांच वर्षांनीं, १८८६ सालीं पुढें आली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्रूव्हेच्या कल्पकतेची योग्यता कळते. पुढच्याच महिन्यांत त्यानें विजेची मोटार एका लहान नावेस लावली व ती नाव सीन नदींत चालविली. दिघीच्या माणसास खाडी ओलांडावयास नाव लागते आणि पलीकडे गेल्यावर चाकाचें वाहन लागतें. या दोहोंस एकाच माणसानें एकाच वर्षीं वीज जोडून दाखविली होती.

दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८८२ सालीं, लंडनमध्यें एअर्टन व पेरी या दोन प्राध्यापकांनीं आपली विजेची तीनचाकी तयार केली. तिला विजेचे दिवेहि होते. पुढें अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन यानें ३१ डिसेंबर १८९५ रोजीं एका दुचाकीचें पेटंट मिळविलें. त्यांत मोटार मागील चाकाच्या तुंब्यांतच बसविलेली होती आणि बॅटरी सायकलीच्या सांगाड्यांत टांगलेली होती. आज बाजारांत जें जोडसामान मिळतें, त्यांतील बहुतेकांची रचना हीच आहे. म्हणजे मोटार कोठें बसवावी हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांतच सुटला होता. अडलें होतें तें बॅटरीपाशीं.

त्या काळची बॅटरी शिशाची. गास्ताँ प्लाँते यानें ती १८५९ सालीं शोधून काढली आणि कामील फोर यानें १८८१ सालीं तिच्यांत सुधारणा केली. ही बॅटरी विश्वासू खरी, पण वजनानें भारी. आजच्या सुधारलेल्या शिशाच्या बॅटरींतहि किलोमागें फार तर ३० ते ४० वॉट-तास इतकी वीज सांठते. उलट एक किलो पेट्रोलांत सुमारें १२ हजार वॉट-तास शक्ति असते. पेट्रोलच्या इंजिनांत तिच्यापैकीं बरीचशी उष्णतेंत वाया जाते हें खरें, तरीहि ही लढत विषमच होती. जी बॅटरी चढावर मदत करावयाची, तिचेंच ओझें चढावर वाहून न्यावें लागे. विसाव्या शतकाच्या आरंभीं पेट्रोल सर्वत्र मिळूं लागलें, मोटारसायकल आली, आणि विजेची सायकल पेटंटांच्या कागदांत पडून राहिली.

याच सुमारास महाराष्ट्रांत सायकल आणि वीज यांचे दोन स्वतंत्र प्रवास सुरू झाले. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणराव तेव्हां मुंबईस शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधु रामुअण्णा त्या बेळगांवांत विकीत व लोकांस त्यांच्यावर बसावयास शिकवीत. याच दुकानांतून पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. १९४६ सालीं याच घराण्यानें बंगलोर येथें विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. ज्या घराण्याचा पहिला उद्योग सायकलीचा होता, त्याच घराण्यानें पुढें विजेची मोटार घडविली. परंतु ती मोटार विहिरीवरील पंपास व कारखान्यांतील यंत्रांस लागली. सायकलीवर बसविण्याजोगी बॅटरीच तेव्हां नव्हती.

विजेचा प्रवास तर दिघीच्या जवळूनच गेला. सह्याद्रीवर पडणारें पाणी तलावांत सांठवून तें नळांवाटे खालीं कोंकणांत सोडावयाचें व त्यावर वीज निर्माण करावयाची, ही योजना टाटांनीं हातीं घेतली. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिरा येथील १९२७ सालीं सुरू झालें. हीं तिन्ही ठिकाणें तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील. भिऱ्याच्या विजेसाठीं मुळशी पेट्यांतील गांवें पाण्याखालीं जाणार होतीं. त्यांच्या वतीनें सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं १९२१ सालीं मुळशीचा सत्याग्रह झाला. धरण अखेर झालेंच. त्यांतून निघालेली वीज उंच खांबांवरच्या तारांतून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. दिघी त्या वेळीं जंजिरा संस्थानांत होती. तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. खेड्यापाड्यांत वीज नेण्याचें काम खऱ्या अर्थानें १९६० सालीं राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर वाढलें. उगम जवळ असला म्हणून पाणी जवळच्यासच मिळतें असें नाहीं, हा जो कालव्यांचा अनुभव, तोच विजेचाहि आहे.

आणि गांवांत वीज आली तरी ती तारेस बांधलेलीच होती. सायकल मोकळी, वीज बांधलेली. या दोघींची गांठ पडावयास हलकी बॅटरी हवी होती. ती लिथियम या धातूनें दिली. हा धातु सर्व धातूंत हलका. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांच्या संशोधनांतून ही बॅटरी आकारास आली, आणि १९९१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली. या कार्याबद्दल तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९९३ सालीं यामाहा या जपानी कंपनीनें, स्वार जितका जोर लावील त्या मानानें मोटारीनें मदत करावी, अशी सायकल विकावयास काढली. शिशाच्या बॅटरींत जितकी वीज मावण्यास दहा-बारा किलो वजन लागे, तितकी आज दोन-तीन किलोंच्या लिथियम बॅटरींत मावते. त्रूव्हेची कल्पना साधी सायकल घेणाऱ्या गृहस्थाच्या आटोक्यांत आली ती अशी.

आतां हा फेरफार प्रत्यक्ष कसा होतो तें पाहूं. सायकलीचें एक चाक काढून त्याच्या जागीं तुंब्यांत मोटार असलेलें चाक बसवितात. बॅटरी सांगाड्याच्या त्रिकोणांत, म्हणजे शक्य तितकी खालीं व मध्यावर ठेवतात, त्यामुळें तोल बिघडत नाहीं. एका लहान पेटींतून मोटारीकडे जाणाऱ्या विजेचें नियमन होतें. पायडलापाशीं एक खूणयंत्र असतें. पायडलें फिरतात तोंवरच मोटार चालते. ब्रेक दाबतांच वीज तुटावी अशीहि योजना असते, आणि ती असलीच पाहिजे. एक गोष्ट विशेष सांभाळावयाची. मोटार चाकास पुढें फिरविते तेव्हां ती आपल्या आंसास उलट फिरवूं पाहते. आंस ज्या चिमट्यांत बसतो तो कमकुवत असला तर तेथेंच मोडतो. म्हणून आंसापासून सांगाड्यापर्यंत एक पोलादी पट्टी आवळून बसवावी लागते. जुन्या सायकलीचे ब्रेक जुन्या वेगापुरते असतात. वेग वाढवावयाचा तर ब्रेक आधीं सुधारावे.

हिशेब सोपा आहे. धडधाकट माणूस सतत पायडल मारतांना ७५ ते १०० वॉट शक्ति देतो. २५० वॉटची मोटार म्हणजे मागें आणखी अडीच-तीन माणसें पायडल मारीत आहेत असें समजावें. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांच्या बॅटरींत ३६० वॉट-तास वीज मावते, म्हणजे घरच्या मीटरवरील एका युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् अधिक. स्वार व सायकल मिळून ९० किलो वजन धरलें, तर १०० मीटर उंची चढण्यास सुमारें २५ वॉट-तास लागतात. यंत्रांतील तूट धरून ३५ म्हणूं. सपाटीवर स्वारानें आपले पाय चालूं ठेवले तर किलोमीटरमागें दहा वॉट-तास पुरतात. तेव्हां चढउताराच्या मुलखांतहि एका भरणींत पंचवीस-तीस किलोमीटरांचा नित्याचा प्रवास होऊं शकतो.

कायद्यानेंहि या वाहनास जागा दिली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांप्रमाणें, ज्याच्या मोटारीची अर्ध्या तासाची शक्ति २५० वॉटपेक्षां कमी, वेग ताशीं २५ किलोमीटरपेक्षां कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंच्या आंत, तें बॅटरीवरील वाहन मोटारवाहन समजलें जात नाहीं. मात्र अधिकृत चाचणीसंस्थेची मान्यता हीहि त्या नियमांतील एक अट आहे. जोडसामान घेणाऱ्यानें हें आधीं विचारून घ्यावें. अधिक शक्तीच्या मोहानें मोठी मोटार बसविणारा मनुष्य सायकलीच्या सांगाड्यावर मोटारसायकलीचा भार घालतो, आणि कायद्याच्या बाहेरहि जातो.

समुद्रकांठीं आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे खारा वारा. तारांच्या जोडांवर तो हिरवट गंज चढवितो. जोड कोरडे ठेवावे, त्यांस व्हॅसलीनचा हात द्यावा, आणि पाण्याचा जोराचा फवारा मोटारीवर मारूं नये. पावसाळ्यांत बॅटरी काढून घरांत आणावी. ती तिच्याच चार्जरवर भरावी. ठेंचलेली किंवा भिजलेली बॅटरी मुळींच भरूं नये, आणि रात्रीं सर्व निजले असतां ती भरत ठेवूं नये. लिथियमची आग लागली तर ती सहजासहजीं विझत नाहीं.

दिघीच्या आसपासच्या मुलखास वीज म्हणजे काय हें ३ जून २०२० रोजीं कळलें. त्या दिवशीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन धडकलें. श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरें उडालीं, विजेचे खांब मोडले. कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत होतीं. अशा वेळीं केवळ बॅटरीवर चालणारें वाहन दोन दिवसांत अंगणांत उभें राहतें. पायडलें शाबूत ठेवून केलेली विजेची सायकल मात्र पांच-सहा किलोंनीं जड झालेली सायकलच असते. चढावर तिला ढकलावें लागेल, पण औषध आणावयास ती जाईल.

या प्रदेशाचें दळणवळण आतां वाढत जाणार आहे. २०२४ सालीं केंद्र सरकारनें दिघी येथें औद्योगिक क्षेत्र उभारण्यास मंजुरी दिली. कामावर जाणाऱ्यास रोज दहा-बारा किलोमीटर जावें लागलें तर प्रत्येकानें पेट्रोलच जाळावें असें नाहीं. घरांतली जुनी सायकल, मापांत घेतलेली मोटार आणि नीट सांभाळलेली बॅटरी एवढ्यावर पुष्कळांचें काम भागेल. त्रूव्हेनें १८८१ सालीं तयार सायकलीसच वीज जोडली होती. तीच रीत आजहि शहाणपणाची आहे. जोड म्हणून आलेली वीज थकल्या पायांस विसांवा देते. पाय अजिबात काढून टाकून जो सर्वस्वीं विजेवर विसंबला, त्याची वाट खांब मोडला कीं तेथेंच संपते. म्हणून सायकलीस मोटार बसवितांना शेवटीं एकच कसोटी लावावी: ही मोटार आणि ही बॅटरी उद्यां काढून ठेवली, तर उरतें तें वाहन दिघीचा चढ चढेल काय? सावकाश कां होईना, पण चढत असेल, तर फेरफार योग्य झाला असें समजावें.