मानसिक आरोग्य : मन आणि परिस्थिती
मानसिक आरोग्य म्हणजे केवळ मनोविकाराचा अभाव नव्हे. ताण पेलण्याची व नाती जपण्याची क्षमताही त्यात येते. आनुवंशिकतेइतकाच परिस्थितीचाही मनावर परिणाम होतो. मुळशी तालुका याचे जवळचे उदाहरण. येथे १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे हिंजवडीत आयटी पार्क उभे राहिले. जमीन गेली की उत्पन्नाबरोबर ओळख आणि दिनक्रमही जातो. हाती आलेला पैसा ती पोकळी भरून काढतोच असे नाही. ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) चित्रपटाने हीच व्यथा मांडली, गुन्हेगारीच्या अंगाने का होईना. दुसरीकडे, रात्रपाळीमुळे आयटी कर्मचाऱ्यांची झोप बिघडते. उदासी वा निद्रानाश दोन आठवडे टिकल्यास डॉक्टरांना भेटावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन मिळते.