गाडीतल्या रेडिओची खरखर

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीतला प्रत्येक स्पार्क प्लग हा एक छोटा रेडिओ-प्रक्षेपकच असतो. इग्निशन कॉइल बॅटरीच्या विजेपासून पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार करते, प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते आणि प्लगच्या जाड वायरी एरियलसारख्या वागून त्या ठिणगीच्या लहरी आजूबाजूला फेकतात. हाइनरिख हर्ट्‌झने १८८७-८८मध्ये रेडिओ लहरींचे अस्तित्व सिद्ध केले तेही ठिणग्या पाडूनच. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. एक-दोन हात अंतरावरच्या रेडिओला त्या ऐकू न आल्या तरच नवल.

म्हणून मोटारीत रेडिओ बसवण्याच्या धंद्यात खरखर काढण्याचे काम पहिल्या दिवसापासून आले. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ नावाने मोटारीचा सेट बाजारात आणला. युरोपात ब्लाउपुंक्टचा सेट १९३२ साली आला. त्या काळी सेट बसवणे म्हणजे गाडीची सगळी विजेची जोडणी तपासणे असे. प्लगच्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरींत सप्रेसर म्हणजे काही हजार ओहमचे रोधक घालायचे, डायनॅमोवर कंडेन्सर लावायचा आणि बॉनेट, इंजिन व बॉडी तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडायची. बॉनेट पत्र्याचे असले तरी ते बॉडीला नीट जोडलेले नसेल, तर ठिणगीच्या लहरी अडवण्याच्या कामी येत नाही. कोरड्या रस्त्यावर टायर घासून साचणारी स्थिर वीजही रेडिओत चरचरत असे. तिच्यासाठी पुढच्या चाकांच्या टोप्यांत स्प्रिंग बसवीत. या खरखरीबाबत देशोदेशींच्या नियमांत मेळ असावा म्हणून १९३४ साली सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती कामाला लागली.

हुबळी-धारवाडच्या भागात या प्रश्नाला धार आली ती आकाशवाणीमुळे. धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले, तेव्हा हा मुलूख मुंबई प्रांतात होता. मल्लिकार्जुन मन्सूर पुढे या केंद्राचे संगीत सल्लागार झाले, गंगूबाई हनगल तर हुबळीच्याच. या परिसरात रेडिओवर शास्त्रीय गाणे ऐकण्याची सवय खोलवर रुजली, आणि तानपुऱ्याच्या अखंड सुरात इंजिनची टकटक जितकी बोचते तितकी ती बातम्यांत बोचत नाही.

दाजीबानपेठ ही जुन्या हुबळीतली, तुळजाभवानीच्या मंदिराची बाजारपेठ. धारवाड तिथून जेमतेम वीस किलोमीटर. धारवाडचे ७६५ किलोहर्ट्‌झवरचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण पुढे २०० किलोवॅटचे झाले. इतका जोरदार सिग्नल मिळाला की सेट आपली संवेदनशीलता आपोआप खाली आणतो आणि खरखर त्यात झाकली जाते. तीच गाडी पुण्याच्या किंवा कारवारच्या रस्त्याला लागली, धारवाड मागे पडले, की सेट संवेदनशीलता वाढवत नेतो आणि दडलेली टकटक वर येते. पेठेत उभ्या गाडीवर धारवाड लावून ‘सेट साफ आहे’ म्हणणे म्हणूनच फसवे. खरी परीक्षा दूरच्या, अशक्त केंद्रावर किंवा लघुलहरींवरच्या रेडिओ सिलोनवर घ्यायची.

दोष शोधण्याचा क्रम तेव्हा ठरला तो आजही बदललेला नाही. इंजिन बंद ठेवून सेट लावला आणि आवाज तसाच राहिला, तर दोष सेटमध्ये किंवा गाडीबाहेर. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये बहुधा तो व्हायब्रेटरचा असे. व्हॉल्व्हना दोनशेहून अधिक व्होल्ट लागत. ते मिळवण्यासाठी बॅटरीची वीज तोडत-जोडत राहणारा हा भाग स्वतःच घरघरायचा. इंजिन चालू होताच टकटक सुरू झाली, तर इग्निशन. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी किणकिण असेल, तर डायनॅमोचे ब्रश. पुढचा प्रश्न आवाज कोणत्या वाटेने येतो हा, आणि तोच महत्त्वाचा. एरियल काढल्यावर आवाज गेला तर तो हवेतून येतो. राहिला तर वायरीतून. ही वाट न शोधता कंडेन्सरवर कंडेन्सर लावणे हे कारागिरीचे काम नव्हे.

ट्रकच्या आणि बसच्या हुबळीत डिझेल गाड्यांची गोष्ट निराळी होती. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही, त्यामुळे तिथे डायनॅमो, रेग्युलेटर आणि वायपरची मोटर एवढेच गुन्हेगार उरत. पेट्रोल गाड्यांसाठी पुढे आतच रोधक असलेले प्लग आणि कार्बनच्या गाभ्याच्या वायरी आल्या. १९५१ साली बंगळूरला स्थापन झालेल्या मायकोचे प्लग आणि १९६१ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचे डायनॅमो देशभरच्या गाड्यांत शिरले. ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. ट्रान्झिस्टरचा सेट उलटा जोडला तर जळण्याची भीती, म्हणून अर्थचे, म्हणजे बॉडीला जोडलेले, टोक कुठले हे पाहिल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही, हा नियम झाला.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि किणकिणीची जागा शिट्टीने घेतली. अल्टरनेटरमधले सहा डायोड प्रत्यावर्ती वीज सरळ करतात, पण तीत बारीक लाटा उरतात. ध्रुवांच्या सहा जोड्या असलेल्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला ३६ लाटा. इंजिन ८०० फेऱ्यांवर घुमत असेल आणि अल्टरनेटर त्याच्या अडीच पट वेगाने, तर ही शिट्टी सुमारे १,२०० हर्ट्‌झची असते; इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेले की ४,५०० हर्ट्‌झची. कानाला सर्वांत जास्त टोचणारा पट्टा हाच. एखादा डायोड गेला की लाटा मोठ्या होतात, त्यामुळे शिट्टी अचानक वाढली तर आधी अल्टरनेटर तपासावा.

कॅसेटचा जमाना आला तसा एरियलचा दोष मागे पडला आणि अर्थिंगचा पुढे आला. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली. गाड्या वाढल्या तसे डेक, मग डिकीतले वेगळे अ‍ॅम्प्लिफायर आले. डेकचे अर्थ डॅशबोर्डजवळ आणि अ‍ॅम्प्लिफायरचे मागे घेतले, तर दोन्ही जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्यामुळे डेककडून गाणे नेणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून विजेचा प्रवाह वाहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यालाही गाण्यासारखाच मोठा करतो. उपाय साधा: अर्थ एकाच ठिकाणी, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, बॅटरीची जाड वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने. आरसीए उपसून पाहिली आणि शिट्टी थांबली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी आहे. फिल्टर शेवटचा, कारण तो दोष झाकतो.

१९९५नंतर मोबाइल आला आणि कॉल येण्याआधी स्पीकरमध्ये २१७ हर्ट्‌झची गुरगुर ऐकू येऊ लागली. जीएसएम फोन सेकंदाला तितक्या वेळा लहरी सोडे. आता सिगारेट लायटरच्या सॉकेटमधले स्वस्त चार्जर आणि एलईडी दिवे तोच त्रास देतात. विजेवरच्या गाड्यांतले इन्व्हर्टर तर मध्यम लहरींच्या पट्ट्यातच गोंगाट करतात. त्याच्यावर इलाज खर्चिक ठरल्याने काही उत्पादकांनी अशा गाड्यांतून हा पट्टा काढूनच टाकला, आणि अशा गाडीत ७६५ किलोहर्ट्‌झवरचे धारवाड लावायची सोयच उरत नाही.