ऑप्टिक डिस्क ड्रुसेन : ‘निरुपद्रवी’ खड्यांचा इतिहास

डोळ्यांच्या रिपोर्टवर ‘ऑप्टिक डिस्क ड्रुसेन’ असे शब्द दिसले की रुग्ण घाबरून विचारतात, ‘डॉक्टर, मेंदूत गाठ तर नाही ना?’ ड्रुसेन म्हणजे गाठ नव्हे. पण ही शंका फार जुनी आहे.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे आणला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांना नीट दिसू लागला. पडद्यावरची फिकट गोल चकती म्हणजे ऑप्टिक डिस्क. दहा-बारा लाख मज्जातंतू इथे एकत्र येऊन मेंदूकडे जातात. पडद्याची मुख्य धमनी आणि मुख्य शीर यांची वाटही हीच. १८६० मध्ये फॉन ग्रेफे यांनी मेंदूतल्या गाठीमुळे ही चकती सुजते असे दाखवले. तेव्हापासून फुगलेली डिस्क दिसली की डॉक्टरच्या मनात आधी मेंदूच येतो.

पण काही डिस्क मुळातच फुगीर दिसतात. १८५८ मध्ये म्युलर यांना सूक्ष्मदर्शकाखाली डिस्कमध्ये कठीण कण आढळले. दहा वर्षांनी लीब्राइख यांनी ते जिवंत रुग्णाच्या डोळ्यात पाहिले. ‘ड्रुसेन’ हा शब्द जर्मन खाणकामगारांचा, दगडाच्या पोकळीत वाढलेल्या स्फटिकांसाठी वापरला जाणारा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात विहीर खणताना अशा पोकळ्या सापडतात. (वयानुसार पडद्याच्या मध्यभागी येणाऱ्या डागांनाही ड्रुसेनच म्हणतात. तो आजार वेगळा. नावाचा हा घोळ आम्हा डॉक्टरांनीच घातलेला!)

रुग्णाला सहसा स्पष्ट दिसत असल्यामुळे हे खडे बराच काळ निरुपद्रवी मानले गेले. १९६६ मध्ये डेन्मार्कच्या लोरेंट्झेन यांना हजारी साधारण ३ जणांत ते आढळले, आणि ते घराण्यात चालत येतात हेही दिसले. मृत्यूनंतर तपासलेल्या डोळ्यांत मात्र प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास निघाले, म्हणजे बरेच खडे खोल दडलेले असतात.

दरम्यान १९६१ मध्ये अमेरिकेतील नोव्होटनी आणि अल्व्हिस यांनी हाताच्या शिरेत फ्लुरेसिन नावाचा रंग टोचून पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढण्याची पद्धत मांडली. आता डिस्कभोवतीच्या रक्तवाहिन्यांतले बिघड बारकाईने पाहता येऊ लागले. ड्रुसेन असलेल्यांच्या डिस्कभोवती रक्तस्राव होतो, नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवतात, क्वचित मुख्य शीर किंवा धमनी बंद पडते, नसेचा रक्तपुरवठा तुटतो, आणि हे ऐन तरुणपणीही घडते, अशा नोंदी साठत गेल्या. ‘निरुपद्रवी’ हा शब्द माझ्या मते तेव्हाच सोडायला हवा होता.

कारण समजायला सोपे आहे. अनेकदा अशा डोळ्यात नस बाहेर पडण्याचे छिद्र मुळात अरुंद असते. त्या दाटीत खडे वाढले की तंतूंबरोबर रक्तवाहिन्याही चेपल्या जातात.

आज सोनोग्राफी आणि ओसीटीने दडलेले खडे दिसतात. ते काढण्याचा किंवा विरघळवण्याचा सिद्ध झालेला उपचार नाही. नव्या रक्तवाहिन्यांवर मात्र डोळ्यात इंजेक्शन देऊन उपचार करता येतात. तुम्हाला ड्रुसेन असतील तर नेत्रतज्ज्ञ सांगतील तेव्हा फील्ड टेस्ट करून घ्या. बीपी आणि शुगर आटोक्यात ठेवा, तंबाखू-सिगारेट सोडा. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, पडदा आल्यासारखे वाटले किंवा सरळ रेषा वाकड्या दिसल्या, तर ‘आपले जुने ड्रुसेनच असतील’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डोळे दाखवा. आणि डिस्कचा फोटो फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी नव्या डॉक्टरला डिस्क फुगलेली दिसली, तर तो आधी जुना फोटोच मागेल.