मुक्काम आणि शस्त्र

रानात तंबू ठोकून राहावयाचे तर बंदूक जवळ असावी काय, हा प्रश्न जुनाच आहे. श्रोतेहो, त्याचे एक उत्तर भोकरदनजवळील असई गावी मिळते.

1803 च्या सप्टेंबरात शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा तळ तेथे केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात पडला होता. जवळ सुमारे 100 तोफा, आणि समोर उंच दरडींची केळना! मग भय कशाचे?

23 तारखेस जनरल वेलस्ली थोडक्या फौजेनिशी आला. वाटाडे म्हणाले, नदीस पुढे उतार नाही. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून त्याने ताडले की, येथे उतार असलाच पाहिजे. उतार होता, पहारा मात्र नव्हता. पुढे त्या तोफांनी घोर संहार केला, इंग्रजांकडील 1,500 हून अधिक माणसे मेली वा घायाळ झाली. तरी सायंकाळपर्यंत बहुतेक तोफा शत्रूच्याच हाती पडल्या.

त्याच काळी रजेवर घरी निघालेल्या शिपायांशी ठग वाटेत स्नेह जोडीत आणि मुक्कामावर रुमालाने त्यांचा गळा आवळीत. शिपायाची तलवार म्यानातच राही.

आज बंदुकीस 1959 च्या कायद्यान्वये परवाना लागतो. परंतु परवाना डोळ्यांना जाग देत नाही. जागा पारखावी, गावात वर्दी द्यावी, पाळीपाळीने जागावे. शस्त्राचा विचार त्यानंतरचा.