अपुऱ्या कामाची जागा : गिटच्या इतिहासातील एक विसंगती

बिटकीपर या प्रणालीची विनामूल्य सवलत लिनक्सच्या विकासकांना बंद झाल्यावर लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट रचले. प्रत्येक प्रतीजवळ संपूर्ण इतिहास असावा, हे तिचे तत्त्व. परंतु इतिहासात प्रवेश मिळे तो नोंदलेल्या कामालाच. हातातील अर्धे बदल पुसले जाण्याचा संभव असेल, तर गिट शाखांतर नाकारी. मग तात्पुरती नोंद करून ती मागाहून सुधारणे प्राप्त होई.

२००७ साली १.५.३ या आवृत्तीत ‘स्टॅश’ ही आज्ञा आली व अपुरे बदल बाजूस ठेवण्याची सोय झाली. २०१५ च्या २.५ या आवृत्तीतील ‘वर्कट्री’ने एकाच भांडाराला अनेक कार्यस्थाने जोडली, काम उचलून ठेवण्याची गरजच पुष्कळ अंशी सरली.

तथापि एक विसंगती उरतेच. स्टॅशमधील ठेव अंतर्रचनेने नोंदच असते. पण भांडाराची नवी प्रत घेताना ती सोबत जात नाही. ज्या प्रणालीत पूर्ण झालेले काम अनेक प्रतींत सुरक्षित राहते, तिच्यातच अपुरे काम एका यंत्राच्या आधारावर असते. ते जपावयाचे, तर त्याला स्वतंत्र शाखा देऊन ती अन्यत्र पाठविणे हा एक खात्रीचा मार्ग होय.